स्तोत्र ११७ आठव्या सुरात: नागपूरच्या क्वायरसाठी ग्रेगोरियन चांटची पहिली पायरी

ग्रेगोरियन चांट, म्हणजे रोमन चर्चचं एका आवाजातलं जुनं लॅटिन गायन, बसवायचा ठरलं की बहुतेक क्वायर थेट 'मिस्सा दे आंजेलिस' या मिस्साच्या (मुख्य उपासनेच्या) चालींना हात घालतात आणि पहिल्या 'किरिये'तच ('प्रभू, दया कर') अडकतात. अनोळखी भाषा, चार रेघांची अनोळखी लिपी आणि एकेका अक्षरावर स्वरांची लांब माळ, हे तिन्ही एकदम झेपत नाही. चांटचा पाया स्वरमाळा नाही. एका स्वरावर शब्द नीट म्हणणं हा त्याचा पाया आहे. म्हणून सुरुवात स्तोत्राच्या सुरापासून, म्हणजे प्रत्येक ओळीला पुन्हा वापरायच्या ठरावीक चालीपासून करावी, आणि स्तोत्र घ्यावं ११७ वं, जुन्या लॅटिन क्रमाने ११६ वं. स्तोत्रसंहितेतलं हे सर्वात छोटं: दोनच ओळी, शेवटी 'ग्लोरिया पात्री'च्या ('पित्याला गौरव असो') आणखी दोन. शिवाय साक्रामेंताच्या (पवित्र भाकरीच्या) आशीर्वादानंतर, आराधनेच्या शेवटी, हे स्तोत्र म्हणायची जुनी रीत आहे. त्यामुळे रविवारच्या मिस्साचा क्रम न हलवता गाण्याची संधी मिळते.

लॅटिन आता चालतं का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. चालतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्याच्या ११६ व्या परिच्छेदात ग्रेगोरियन चांट हा रोमन उपासनेचा स्वतःचा चांट आहे आणि इतर गोष्टी समान असताना त्याला पहिलं स्थान द्यावं, असं म्हटलंय. ५४ व्या परिच्छेदात लोकांना त्यांच्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत असं आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी मिस्सा जिथल्या तिथे राहतात. तरीही फादरांशी आधी बोलून, कुठल्या दिवशी काय गाणार ते लिहून द्यावं. सदरचं कॅथेड्रल असो की वस्तीतलं छोटं चर्च, वेदीवरच्या माणसाला पुढे काय येणार ते माहीत नसेल तर चांगली तयारीही तिथेच फसते.

धर्मग्रामात सत्तरी ओलांडलेली मंडळी असतील तर त्यांना पहिल्याच सरावाला बोलवा. 'तांतुम एर्गो' हे जुनं लॅटिन गीत अनेकांना तोंडपाठ असतं. चाल कुठे बदललेली असेल, पण वाक्य कुठे सोडायचं आणि श्वास कुठे घ्यायचा हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं असतं.

सहा ते आठ माणसं पुरेत. वीस जणांपेक्षा सहा जण लवकर एका आवाजात येतात. आठवड्यातून दोनदा चाळीस-चाळीस मिनिटं बसा, आणि पहिल्या दोन बैठकांत गाऊ नका.

आधी उच्चार

चर्चच्या लॅटिनचे उच्चार इटालियन वळणाचे आहेत, आणि इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. त, द, स्वच्छ ए, स्वच्छ ओ हे सगळं आपल्या तोंडात आधीच आहे. घोळ होतो तो रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचताना. मग 'दोमिनुस'चं 'डॉमिनस' होतं आणि 'सांक्तुस'चं 'सँक्टस'. म्हणून पहिला कागद देवनागरीत द्या. त्यात 'अ' कुठेही येऊ देऊ नका. लॅटिनमध्ये तो स्वरच नाही, प्रत्येक ठिकाणी पूर्ण 'आ' आहे: 'ग्लोरिया पात्री', 'पत्री' नाही.

च आणि ज कडे खास लक्ष द्या. आपल्याकडे दोन च आहेत आणि लॅटिनला दोन्ही लागतात. 'प्रिंचीपियो'मधला च 'चहा'तला. 'देओ ग्रात्सियास'मधला 'त्स' मात्र जवळजवळ 'चाका'तला च आहे. 'जेन्तेस'मधला ज 'जिल्ह्या'तला, 'जागे'तला नव्हे. एवढं एकदा सांगितलं की निम्म्या चुका जागच्या जागी थांबतात. बाकीचे नियम थोडके: 'आग्नुस'मधल्या जोडाचा उच्चार 'आन्युस' असा मऊ, 'एक्सेल्सिस' लिहिलं तरी म्हणायचं 'एक्शेल्सिस', आणि ह बहुतेक ठिकाणी गप्प.

शब्दातलं एक अक्षर किंचित वजनदार असतं. दोन अक्षरी शब्दात ते नेहमी पहिलं: 'पा-त्री', 'सेम-पेर'. लांब शब्दात ते शेवटून दुसरं किंवा तिसरं असतं: 'लाउ-दा-ते'मध्ये 'दा', 'दो-मि-नुम'मध्ये 'दो'. वजन म्हणजे आवाज चढवणं नाही. लांबवणंही नाही. बोलताना जीभ जिथे सहज टेकते तिथे टेकू द्यायची. सगळ्यांनी मिळून चारही ओळी नुसत्या बोला, बातम्या वाचल्यासारख्या सपाट नको आणि नाटकीही नको. आठही जण एका वेळी सुरू होऊन एका वेळी थांबेपर्यंत पेटीला हात लावू नका.

सूर कसा बसवायचा

चांटचे आठ सुरांचे वर्ग आहेत. त्यातला आठवा नवख्यांना सर्वात सोयीचा. पाश्चात्त्य 'दो'ला आपला सा धरा. पाठ चालतो तो या सा वर. खाली नि, ध, प लागतात, वर फक्त एकदा रे. सगळे शुद्ध. सा पांढरी पाचला ठेवा: मग नि काळी तीन, ध पांढरी तीन, प पांढरी दोन आणि वरचा रे पांढरी सहा. पुरुष अर्थातच एक सप्तक खाली. सकाळी सहा-साडेसहाच्या मिस्सानंतर आराधना असेल तर अर्धा स्वर उतरवून काळी तीनला घ्या. गळा तेव्हा उघडलेला नसतो.

ओळीचे दोन भाग असतात, मध्ये तारा (*). पहिल्या भागाच्या शेवटी आवाज सा–रे–सा असा वर जाऊन परत येतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी सा–नि–सा–ध–प असा उतरतो. फक्त पहिल्या ओळीच्या सुरुवातीला प–ध–सा असा चढ आहे. बाकीच्या ओळी थेट सा वरून सुरू करायच्या.

पहिली ओळ: लाउदाते दोमिनुम, ओम्नेस जेन्तेस * लाउदाते एउम, ओम्नेस पोपुली.

'लाउ' प वर, 'दा' ध वर, 'ते' सा वर. 'लाउ' हे एकच अक्षर आहे, 'ला-उ' असं तोडलं की चढ बिघडतो. 'दोमिनुम ओम्नेस' सगळं सा वर. 'जेन्' रे वर, 'तेस' परत सा. ताऱ्यावर थांबा. मग 'लाउदाते एउम' सा वर, 'ओम्' नि, 'नेस' सा, 'पो' ध, 'पु' आणि 'ली' दोन्ही प. नियम असा: शेवटचं वजनदार अक्षर ध वर येतं, त्याच्या आधीची दोन अक्षरं नि आणि सा घेतात, आणि वजनदार अक्षरानंतर जे काही उरेल ते प वर.

दुसरी ओळ: क्वोनियाम कोन्फिरमाता एस्त सुपेर नोस मिसेरिकोर्दिया एयुस * एत वेरितास दोमिनी मानेत इन एतेर्नुम.

पहिला भाग लांब आहे, दम तिथेच संपतो. 'एयुस'चा 'ए' रे वर, 'युस' सा वर. शेवटी 'इन' नि, 'ए' सा, 'तेर्' ध, 'नुम' प. दम पुरत नसेल तर शेजाऱ्याने वेगळ्या जागी श्वास घ्यावा. सगळ्यांनी एकदम 'सुपेर'पाशी श्वास घेतला तर वाक्याला भोक पडतं.

ग्लोरिया पात्री एत फिलियो * एत स्पिरितुई सांक्तो. इथे 'फि' रे वर, 'लि' आणि 'ओ' दोन्ही सा वर. नंतर 'तु' नि, 'ई' सा, 'सां' ध, 'क्तो' प.

सिकुत एरात इन प्रिंचीपियो, एत नुंक, एत सेम्पेर * एत इन सेकुला सेकुलोरुम. आमेन. 'सेम्' रे, 'पेर' सा. शेवटी 'लो' नि, 'रुम' सा, 'आ' ध, 'मेन' प. जुन्या पुस्तकांत फक्त 'सेकुलोरुम आमेन' या शेवटच्या सहा अक्षरांचे स्वर छापलेले असतात: सूर ओळखायची ती खूण आहे.

दोन बाजू करा. एका बाजूने एक ओळ, दुसरीने पुढची. ताऱ्यावरची शांतता पूर्ण ठेवा, आरामात एक श्वास जाईल इतकी. पण एका बाजूची ओळ संपली की दुसरीने लगेच उचलायचं. नवख्यांकडून नेमकं उलटं होतं: ताऱ्यावर घाई, आणि ओळ संपल्यावर एकमेकांकडे बघत लांब थांबणं. स्तोत्राची चाल तिथेच मोडते.

काय बिघडतं आणि का

ठेका. हा सर्वात मोठा शत्रू. भजनाची सवय असलेल्या क्वायरमध्ये तिसऱ्या ओळीपर्यंत आपोआप केहरवा सुरू होतो. कोणी बोटाने आपटतं, कोणी मान हलवतं, आणि छोटी अक्षरं मात्रेत बसवण्यासाठी ताणली जातात. तबला खोलीबाहेर ठेवा. टाळी, चुटकी, मोजणी काही नको. ठेका शिरला की गाणं थांबवून तीच ओळ बोला, आणि बोलण्याच्याच गतीने परत गा.

आवाज उतरणं. चार ओळींत अर्धा स्वर खाली येणं अगदी नेहमीचं. दोन कारणं असतात. एकाच स्वरावर लांब पाठ करताना आवाज सैल पडतो, आणि शेवटच्या उतारात नि खाली घेतला जातो. नि सा च्या अगदी जवळ हवा. सरावात मोबाईलवर तानपुरा लावा, सा पांढरी पाच. सा आणि प दोन्ही वाजत राहिले की उतरलेला पाठ कानाला लगेच खटकतो, आणि ओळीचा शेवट प वर होत असल्याने तिथेही आधार मिळतो. प्रत्यक्ष उपासनेत तानपुरा बंद. पेटीवर फक्त सुरुवातीचा प आणि सा द्या आणि भाता सोडा. पेटी सतत साथीला राहिली तर लोक तिच्यावर रेलतात आणि शब्द हरवतात.

मींड आणि कण. शास्त्रीय शिकलेल्या गळ्यातून सा वरून रे ला जाताना हलकी मींड आपोआप निघते. आपल्या संगीतात ती शोभा आहे, इथे दोन अक्षरांमधली हद्द पुसते. प्रत्येक स्वर थेट त्याच्या जागी ठेवा. याच मंडळींचा कान मात्र पुढे फार उपयोगी पडतो. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचा शेवटचा स्वर सा धरला तर काफी थाटासारखी स्वररचना दिसते, तिसऱ्या-चौथ्याला भैरवीसारखी, सातव्या-आठव्याला खमाजसारखी. ओळखीपुरतं हे ठीक. राग म्हणून आळवू नका. आणि वाचायला शिकताना सा मात्र 'दो'वरच ठेवा, नाहीतर रेघांवरच्या खुणा आणि सरगम जुळणार नाहीत.

कूलर. एप्रिल-मेमध्ये नागपुरात तो बंद ठेवा म्हणणं माणुसकीला धरून नाही. पण गाणारे त्याच्या तोंडासमोर उभे राहिले तर त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही, आणि मग प्रत्येक जण मोठ्याने गातो. दोन बाजू समोरासमोर, तीन-चार मीटर अंतरावर, कूलरपासून दूर. माईक हातात नको. एकच माईक स्टँडवर, दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर ठेवा आणि साउंड बघणाऱ्या दादांना इको पूर्ण बंद करायला सांगा. यंत्राचा इको ताऱ्यावरची शांतता भरून टाकतो.

चार रेघांची लिपी

स्तोत्र पाठ झाल्यावरच चौकोनी खुणांकडे वळा. रेघा चारच. डावीकडे एक खूण 'दो' कुठल्या रेघेवर आहे ते सांगते, तो सा. काही पानांवर त्याऐवजी 'फा'ची खूण असते, तो म. पट्टी ठरलेली नाही, सा तुमच्या गळ्याप्रमाणे. स्वरांना नावं देण्याची ही रीत ११ व्या शतकात इटलीतल्या अरेत्सोच्या ग्विदोने सुरू केली, संत योहान बाप्तिस्ताच्या एका स्तोत्रगीताच्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन. उत, रे, मी, फा, सोल, ला. 'उत'चं 'दो' पुढे झालं.

एकावर एक ठेवलेले दोन चौकोन: आधी खालचा गायचा, मग वरचा. मराठी वाचणारा वरून खाली जातो आणि उलटं गातो, म्हणून हे पहिल्या दिवशीच पक्कं करा. उजवीकडे उतरत जाणारे हिरे (टोकावर उभे छोटे चौकोन) बाकीच्या चौकोनांइतकेच लांब, वेगाने गायचे नाहीत. खुणेला शेपटी असली तरी लांबी वाढत नाही. शेजारी ठिपका असेल तर मात्र जवळपास दुप्पट. आणि जाड तिरकी पट्टी दिसली की आपल्याकडचा गायक हमखास मींड घेतो. ती मींड नाही: पट्टीचं वरचं टोक एक स्वर, खालचं टोक दुसरा, मधलं काही गायचं नाही.

उभी छोटी रेघ म्हणजे वाक्याचा छोटा तुकडा, पूर्ण रेघ म्हणजे थांबा. गाण्यातल्या ताऱ्याचा अर्थ स्तोत्रापेक्षा वेगळा: तिथपर्यंत एकट्याने सुरू करायचं, पुढे सगळ्यांनी. रेघेच्या शेवटी दिसणारा बारीक अर्धा स्वर गाऊ नका, तो पुढच्या रेघेचा पहिला स्वर आधीच दाखवतो. कोमल स्वर फक्त नि होतो.

पानं ग्रेगोबेस या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ए-फोर कागदावर एका बाजूलाच छापा आणि रेघांमधलं अंतर मोठं ठेवा. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ठिपके उडतात, आणि ठिपका उडाला की लांबी गेली.

पुढे काय घ्यायचं

१९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी जगभरच्या बिशपांना सोप्या चांटची एक छोटी पुस्तिका पाठवली, 'युबिलाते देओ'. किमान एवढं सगळ्यांना यावं हा हेतू. क्रम तिच्यातूनच घ्या: चांटच्या पुस्तकातल्या क्रमाने सोळाव्या मिस्सातलं 'किरिये', अठराव्यातलं 'सांक्तुस' आणि 'आन्युस देई', मग 'पातेर नोस्तेर'. 'ग्लोरिया' (मिस्सातलं गौरवगीत) आणि 'क्रेदो' (विश्वासाची कबुली) सर्वात शेवटी. तिच्यातलं तिसरं 'क्रेदो' मध्ययुगातलं नाहीच, १७ व्या शतकातलं आहे, म्हणूनच आजच्या कानाला ते लवकर बसतं. फादर तयार असतील तर याच्याही आधी संवाद घ्या: 'दोमिनुस वोबिस्कुम', 'एत कुम स्पिरितु तुओ'. अख्खं चर्च ज्यात भाग घेतं ते आधी, क्वायरपुरतं ते नंतर.

मराठी शब्द याच सुरावर बसवता येतात, पण लॅटिनचे नियम जसेच्या तसे लावून नाही. मराठीत वजन तितकं ठळक नसतं आणि वाक्य अनेकदा जड अक्षरावर संपतं. 'देवा, दया कर' घ्या. 'कर' हे एकच अक्षर, प वर. त्याच्या आधीचा 'या' ध वर. 'क' ध वर आणि 'र' प वर असं फोडलं तर 'करऽ' असं विचित्र ऐकू येतं. प्रत्येक ओळ आधी मोठ्याने बोला, उच्चारात शेवटचा अ गळतो तिथे त्याला स्वर देऊ नका, आणि पेन्सिलने नि आणि ध कुठल्या अक्षरावर येतात ते लिहा. हे काम गाण्याआधी एकाच माणसाने करावं. चौघांनी चार खुणा केल्या तर सरावाचा वेळ वादात जातो.

सुरुवातीला प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) उत्तम. तेव्हा वाद्यं फक्त गाण्याच्या आधारापुरती असतात, 'ग्लोरिया' आणि 'आल्लेलूया' रविवारी नसतात, म्हणजे शिकायचंही कमी. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी 'पांजे लिंग्वा' ठेवा. गीत १३ व्या शतकातलं, संत थॉमस अक्वायनस यांचं, चाल तिसऱ्या सुराची. सहा कडव्यांपैकी मिरवणुकीत फक्त पहिली चार म्हणायची. वाट लांब असेल तर तीच चार पुन्हा घ्या. साक्रामेंत ठेवण्याच्या जागी पोचून धूप सुरू झाला की पाचवं उचला, 'तांतुम एर्गो', आणि सहावं. क्वायरमधल्या एकाने मिरवणुकीच्या पुढच्या टोकाकडे बघत राहावं आणि हाताने खूण करावी. नाहीतर फादर अजून वाटेतच असतात आणि क्वायर पाचव्या कडव्यावर पोचलेला असतो.